उत्तर पुढच्या बुधवारी

१४ फेब्रुवारी, दुपार

ताई,

हे पत्र मी सात महिने पुढे ढकललं. ढकललं म्हणणंही खरं नाही, ढकलायला जोर लागतो. मी नुसती त्याच्या आजूबाजूनं फिरत राहिले. आधी कागद नव्हता. मग आणला तो रेघांचा निघाला, आणि रेघांच्या कागदावर तुला लिहायचं म्हणजे तू लाल पेन शोधणार. मग कोरा आणला. त्यावर खोलीतल्या शेजारणीनं सामानाची यादी लिहिली. ती यादी इतकी नीट होती की मीही तिच्याबरोबर बाजारात गेले आणि येताना छत्री दुरुस्त करणाऱ्या माणसापाशी तासभर उभी राहिले. छत्रीच्या काड्या कशा बसवतात ते आता मला येतं. तुला काही उपयोग नाही, पण येतं.

माफी मागायला लिहीत नाहीये, हे आधीच सांगून ठेवते.

मधल्या काळात तुला चार पोस्टकार्डं टाकली. चारींवर 'मी बरी आहे' एवढंच होतं, आणि त्यातल्या दोन वेळा मी बरी नव्हते. दोन महिने रोपवाटिकेत होते. मग एका नाटकवाल्यांच्या ट्रकमधून तीन गावं हिंडले, पडदा ओढायचं काम होतं. एकदा नायक मरायच्या आधीच मी पडदा पाडला आणि तिथली नोकरी संपली. आता एका मोठ्या लाँड्रीत आहे. दवाखान्यांच्या आणि हॉटेलांच्या चादरी धुवायला येतात. पत्ता पाकिटावर आहे.

तर त्या बुधवारचं. तुला सगळं माहीत आहे, पण मला एकदा ते माझ्या तोंडानं सांगायचंय. शिवाय पत्र वाचताना तुला मध्ये बोलता येत नाही, हा पत्राचा मोठा फायदा.

तुझा बुधवारचा वर्ग. हजेरी नाही, गुण नाहीत, अभ्यासक्रमात त्याचं नाव नाही. तळमजल्यावरची ती फळ्याचा कोपरा उखडलेली खोली. पेपरातली एक बातमी घ्यायची आणि तिच्यावर दोन बुधवार वाद घालायचा. पहिल्या बुधवारी पूर्वपक्ष, म्हणजे विरोधकाचं म्हणणं, आणि ते त्याच्यापेक्षा चांगलं मांडायचं. उत्तर पुढच्या बुधवारी. मधले सात दिवस त्याचं म्हणणं डोक्यात घेऊन हिंडायचं. पोरं वैतागायची. 'मॅडम, उत्तर आजच द्या ना.' तू म्हणायचीस, 'घाईनं दिलेलं उत्तर स्वतःलाच ऐकू येतं.'

हा नियम त्यांच्यासाठी नवा असेल, मी तर त्यावरच वाढले. भांडी कुणी घासायची यावर भांडण झालं की तू म्हणायचीस, 'आधी माझी बाजू सांग, मग भांड.' मी तुझी बाजू सांगायचे, इतकी छान सांगायचे की मलाच पटायची, आणि भांडी मी घासायचे. आई म्हणायची, यांच्या भांडणाला तिकीट लावा.

त्या आठवड्याची बातमी घरचीच होती. दिवसा काम करून संध्याकाळी शिकायला येणाऱ्यांचे वर्ग विद्यापीठ बंद करणार होतं. तू कुलगुरूंची बाजू घेतलीस. मी तुझा डबा द्यायला आले होते आणि मागच्या बाकावर बसले. अकरा मिनिटं तू बोललीस. दमलेला माणूस शिकत नाही, नुसता बसतो. अर्ध्या रिकाम्या खोल्यांत दिवे जाळणं म्हणजे दया, शिक्षण नव्हे. कुलगुरूंना आयुष्यात एवढं चांगलं बोलता आलं नसतं.

मग त्या अकरा मिनिटांचा व्हिडिओ कसा कोण जाणे बाहेर गेला. फोनचं काय, हातोहात जातं. शनिवारपर्यंत सगळीकडे झाला. सोमवारी प्रशासनानं तुझी वाक्यं परिपत्रकात छापली, 'ज्येष्ठ प्राध्यापकांचेही हेच मत'. मंगळवारी संध्याकाळच्या वर्गाचे विद्यार्थी आपल्या दारात घोषणा देत उभे राहिले. बुधवारी तुझ्या खोलीला कुलूप. उत्तर राहिलं ते राहिलंच.

तू फोन का केला नाहीस असं विचारशील. माझा फोन बुडाला. होडीतून नदी ओलांडताना हातातून सुटला. आईशी बोलते ती लाँड्रीच्या ऑफिसातून.

भिंगरी

२ मार्च, रविवार

ताई,

वरचं पत्र टाकलंच नाही. पाकीट आणायला निघाले तर वाटेत एक कपाट दोरानं तिसऱ्या मजल्यावर चढवत होते. ते वर पोचेपर्यंत पोस्ट बंद झालं. तेव्हा आता दोन्ही एकाच पाकिटात.

आज तुला एक गंमत सांगायची होती. लिहायला बसल्यावर ती गंमत आहे की नाही याची खात्री वाटेना.

मोठ्या चादरीच्या घडीला दोन माणसं लागतात. समोरासमोर उभं राहायचं, चार टोकं चार हातांत, ताणायची, एक झटका द्यायचा आणि एकमेकींकडे चालत यायचं. समोरची ढिली पडली की घडी तिरकी जाते. मला हे काम आवडतं. मला काहीतरी आवडतंय म्हटल्यावर आईनं दोनदा विचारलं, ताप नाही ना.

माझ्या समोर असते ती मावशी. ती कुणाचीच मावशी नाही, पण इथे मालकसुद्धा तिला मावशी म्हणतो. साठीला आली आहे आणि तोंड चादरीच्या कडेपेक्षा धारदार. तर गेल्या आठवड्यात मुकादमानं जाहीर केलं की भिंतीत आकडे ठोकणार. दोन टोकं आकड्यांना अडकवायची, घडी एकटीनं घालायची. म्हणजे अर्ध्या बायका घरी.

जेवणाच्या सुट्टीत सगळ्या गाठोड्यांवर बसून मुकादमाचा उद्धार करत होत्या. मी म्हटलं, "मालकाशी भांडायचंय ना? मग आधी मुकादमाची बाजू मांडा."

"त्याची बाजू मांडायला त्याची बायको आहे," मावशी म्हणाली.

"ती तरी कुठे मांडते," मशीनवालीनं मागून टाकलं.

मी त्यांना तुझा नियम सांगितला. दोन दिवस सुट्टीत शिकवणी चालली. मी, जिला तू जेवणाच्या टेबलावर बसवून दोन वर्षं शिकवलंस आणि जी दोन्ही वर्षं नापास झाली, ती शिकवत होते. चुकलं की मी अगदी तुझ्यासारखं 'हं, पुन्हा' म्हणत होते. आणि मावशी काय बोलली म्हणून सांगू. मुकादमाचं खाकरणंसुद्धा उचललं. दोन माणसं समोरासमोर म्हणजे गप्पा, गप्पा म्हणजे उशीर, आकडा आजारी पडत नाही, आकडा लेकीच्या बाळंतपणाला जात नाही.

मग ती मालकाकडे गेली. आम्ही दाराबाहेर. तिनं सगळं धडाधड म्हटलं. मालक खुर्चीतून उठला.

"वा, मावशी. मुकादम महिनाभर हेच सांगतोय, पण त्याला मेल्याला बोलता येत नाही. तुम्हालाच पटलंय म्हटल्यावर मिटलंच."

एवढ्यात त्याला कुणीतरी भेटायला आलं आणि मावशी बाहेर. दुपारी आकडे घेऊन सुतार हजर.

आम्ही तिच्याकडे बघत राहिलो. ती पायरीवर बसली.

"अगं, सुरुवातीला सांगायचंच राहिलं," ती म्हणाली, "की हे बोलणं त्याचं आहे, माझं नाही. एवढंसं वाक्य. तेवढंच राहिलं."

मला दरदरून घाम फुटला. सुकवणीच्या खोलीत सगळ्यांनाच फुटतो, पण हा वेगळा होता.

"तुझं का तोंड उतरलं?" मावशी म्हणाली. "राहिलं माझं. तू का मेल्यासारखी उभी?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पुन्हा आत गेली. बोलावणं नसताना. दार उघडंच ठेवलं.

"कालचं बोलणं तुमचं होतं," ती मालकाला म्हणाली. "आजचं माझं. बसा."

तो बसला, ताई. तिनं टेबलावर कागदाची पुडी उघडली. तीन सुया होत्या. दवाखान्याच्या चादरींत राहिलेल्या, त्या महिन्यात घडी घालताना सापडलेल्या. "या मला दिसल्या नव्हत्या," ती म्हणाली. "समोरचीला दिसल्या. तुमच्या आकड्याला डोळे असले तर लावा."

आकडे अजून भिंतीत आहेत. आम्ही त्यांना एप्रन टांगतो.

मावशी रोज विचारते, त्या दिवशी तुझं तोंड का उतरलं होतं. मी सांगते, उन्हाळा.

भिंगरी

९ मार्च, रविवार, दुपार

ताई,

आज सकाळी आईशी बोलले. मालकानं ऑफिस उघडं ठेवलं होतं म्हणून.

ती म्हणाली, गुरुवारी तुझ्यापुढे कागद ठेवणार आहेत. 'परिपत्रकात उद्धृत केलेले विचार माझेच आहेत.' सही केलीस तर चौकशी बंद आणि तू पुन्हा वर्गात, फक्त बुधवार सोडून. सही नाही केलीस तर निलंबन. मी विचारलं, ताई काय म्हणते? आई म्हणाली, "ती थकली गं. टाकते म्हणते करून."

करू नकोस.

परिपत्रकातलं मत माझं नाही असं तू लेखी दिलंस म्हणून ही चौकशी, आणि आता तुझ्या सहीवर त्यांचं सगळं अडलंय. तुझ्या बुधवारच्या नऊ पोरांनी समितीला जाऊन सांगितलं की तो पूर्वपक्ष होता. समिती म्हणाली, व्हिडिओत तसं कुठे दिसत नाही, तुम्ही तर त्यांचे लाडके. तू टिपणं दाखवलीस. ती म्हणे मागाहूनही लिहिता येतात. आणि संध्याकाळच्या वर्गाच्या लोकांना तू काहीच सांगितलं नाहीस. मला माहीत आहे का नाही सांगितलंस. चार वर्षं ज्यांना शिकवलं त्यांनी आधी विचारायला हवं होतं, असं तुझं. दाराआड बसून राहिलीस. इतकी ताठ मान असलेलं माणूस सही करायला निघतं म्हणजे कमाल आहे.

तर आता माझं.

फोन बुडाला नाही. मी आजवर होडीत बसलेलीच नाही. फोन माझ्या पिशवीत मोज्यात गुंडाळलेला आहे, सात महिने.

व्हिडिओ मी काढला. मीच पाठवला. आईला, मामाला आणि शाळेच्या जुन्या गटाला. वर लिहिलं होतं, 'माझी ताई बघा कशी बोलते.' जिच्या ताईचा शाळेत सगळ्यांनी पहिला नंबर ऐकला आणि जिचा स्वतःचा कुणी विचारला नाही, तिनं ते पाठवलं. गटातून पुढे गेला. पण हेही अर्धंच सांगितलं.

मी तो कापला. सुरुवातीचे चाळीस सेकंद. त्यात बाकं सरकत होती, तू दोनदा खोकलीस आणि डोक्यावरचा चष्मा टेबलावर शोधत होतीस. मला वाटलं, लोक हसतील. तू ऐटीत दिसावीस म्हणून कापला. आज फोन मोज्यातून काढून चार्ज केला आणि पहिल्यांदा सुरुवातीपासून ऐकला. चष्मा शोधता शोधता तू म्हणतेस, "पुढची अकरा मिनिटं मी माझ्याच विरुद्ध बोलणार आहे. यातलं एकही वाक्य माझं नाही. माझं उत्तर पुढच्या बुधवारी."

तेव्हा ते मला ऐकूच आलं नव्हतं. माझं लक्ष चष्म्याकडे होतं. आणि नंतर सात महिने मी ऐकलं नाही कारण त्यात काय असणार ते मला कळलं होतं. सुई समोरचीला दिसते, तसं मावशीचं राहिलेलं वाक्य मला लगेच दिसलं, माझं मात्र मी बघायचं टाळलं.

हे माझं झालं. आता तुझं.

त्या मंगळवारी घोषणा देणारे गेल्यावर तू माझ्या खोलीच्या दारात उभी राहिलीस. "तू पाठवलास?" मी म्हटलं, नाही. मग तू म्हणालीस, "तुझ्याकडून दुसरं काय होणार." आणि दार ओढून घेतलंस. ताई, मी खोटं बोलले होते, पण तुला ते ठाऊक नव्हतं. तू माझी बाजू मांडली नाहीस. चांगली राहू दे, वाईटसुद्धा मांडली नाहीस. कुलगुरूंना सात दिवस देतेस. मला सात सेकंद दिले नाहीस. म्हणून मी सकाळी पिशवी उचलली. खोटेपणाची लाज होतीच, पण जास्त राग होता, आणि तो अजून आहे. माफी मागत नाही म्हणाले ते याच्यासाठी. कापल्याची मागते. गेल्याची नाही.

आज बारा वाजता मी अख्खा व्हिडिओ समितीला पाठवला, माझ्या पूर्ण नावानं, खाली लिहून की कापणारी मी. समिती बघेल याची मला खात्री नाही. म्हणून दुसरीकडेही पाठवला. घोषणांच्या दिवशी आपल्या दारावर चिकटवलेलं पत्रक मी काढून खिशात घातलं होतं. त्यावर एक नंबर आहे. तुझ्या हरकतीचा.

आठवते ना. दिवसा बसमध्ये कंडक्टर, संध्याकाळी पहिल्या बाकावर, आणि तुझ्या दर चौथ्या वाक्याला हात वर करून 'हरकत आहे'. तू घरी येऊन हसत सांगायचीस, आज हरकतीनं पाच वेळा गाडी थांबवली. त्या दिवशी दारात सगळ्यांत मोठा आवाज तिचाच होता. तू पडद्याआडून तिच्याकडेच बघत होतीस. मी बघितलं.

तिला व्हिडिओ पाठवला आणि खाली सगळं लिहिलं, चष्म्यासकट आणि लाँड्रीच्या पत्त्यासकट. उत्तर येणार नाही. माझ्यासारखीला मी तरी दिलं नसतं.

सही करू नकोस. उद्या हे पाकीट नक्की टाकते.

भिंगरी

१० मार्च, सोमवार, जेवणाची सुट्टी

ताई,

घाईत लिहितेय, गाठोड्यावर कागद ठेवून. अक्षराला नावं ठेवू नकोस.

पाऊण तासापूर्वी मशीनवाली आत आली आणि म्हणाली, "फाटकात एक कंडक्टर उभी आहे. कुणी तिकीट चुकवलंय का?"

हरकत होती. गणवेशात, पैशाची पिशवी काखेत, पायावर सगळी धूळ. सकाळची पहिली फेरी करून, दुसरीची अदलाबदल करून आली होती. मी हात पुसत बाहेर गेले. माझ्या तोंडात तीनचार वाक्यं तयार होती. तिनं हात वर केला.

"थांब. आधी तुझी बाजू मी सांगते. बरोबर सांगते का बघ."

आणि फाटकात उभ्या उभ्या तिनं सांगितली. म्हणाली, "तुला घरात कुणी हुशार म्हटलेलं नाही. बहिणीचं बोलणं ऐकलंस आणि वाटलं, ही आपली आहे, हे सगळ्यांना दिसलं पाहिजे. ती चष्मा शोधत होती ते तुला गोड वाटत होतं, पण बाहेरच्यांना वाटणार नाही म्हणून झाकलंस. घाण झाकतात तशी नाही, पोराचं नाक पुसतात तशी. नंतर ज्यांनी विचारायला हवं होतं त्यांनी विचारलं नाही, थेट निकाल दिला. तिनंही, आणि आम्हीही. निकाल लागल्यावर खरं बोलायला तोंड उरत नाही, पाय उरतात. बरोबर?"

मी मान हलवली. तुला एवढं खरं सांगते, ताई, सात महिने मी स्वतःशी घोकत होते त्यातलं एक वाक्यही एवढं चांगलं नव्हतं.

"आता माझं उत्तर," ती म्हणाली. "मला पुढच्या बुधवारापर्यंत थांबायला वेळ नाही. तुझ्या चाळीस सेकंदांमुळे आम्ही चारशे जण जिच्या दारात ओरडलो, तिनं चार वर्षं माझ्या प्रत्येक हरकतीला उत्तर दिलं होतं. आणि मी तिला एक प्रश्न विचारला नाही. ते माझं मी बघीन. तुझं असं, की परवा बुधवार आहे. संध्याकाळी पाच वाजता तेच चारशे जण मैदानात बसणार आहेत, राहिलेलं उत्तर ऐकायला. कुलूप खोलीला आहे, मैदानाला नाही. पण आधी व्हिडिओ दाखवायचा, खोकल्यापासून. तो तू लावायचास, सगळ्यांसमोर उभी राहून, कुणी कापला ते सांगून. मी लावणार नाही. काय ते बोल."

"आणि ताई आली नाही तर?"

"मग चारशे जण रिकाम्या खुर्चीकडे बघत बसू. आम्ही दमलेली माणसं. नुसतं बसायला आम्हाला चांगलं येतं, तुझ्या बहिणीनंच सांगितलंय."

मी विचारलं, "ताईला हे कळवलंय का?" ती म्हणाली, "त्यांना अजून कुणी सांगितलेलं नाही. सांगायला गेलो तर दार उघडणार नाहीत. ते काम घरच्या माणसाचं."

मी म्हटलं, "हरकत नाही."

ती पहिल्यांदा हसली. म्हणाली, हा शब्द चार वर्षांत तिच्या तोंडून कुणी ऐकलेला नाही आणि तुलाही तो सांगू नये.

तीन वाजताच्या बसनं आम्ही निघतोय. मावशीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे उन्हाळा नव्हता," आणि मालकाकडे माझ्या सुट्टीचं बोलायला गेली. बोलायच्या आधी दारातूनच तिनं सांगितलं म्हणे, "हे माझं आहे हं, मुकादमाचं नाही."

आता हरकत माझ्या जागी उभी राहून मावशीबरोबर चादर धरते आहे, बस येईपर्यंत हात मोकळे कशाला ठेवायचे म्हणून. तिनं पहिलाच झटका असा दिला की मावशी दोन पावलं पुढे आली. "हळू," मावशी म्हणते आहे, "समोर माणूस आहे."

पाकिटाला आता तिकीट लावत नाही. हातानंच देईन. तू दार उघडलं नाहीस तर फटीतून आत सरकवीन आणि पायरीवर बसून राहीन, तू शेवटच्या ओळीपर्यंत येईस्तोवर. मी कुठेही उठून जाणार नाही, समोर कपाट चढवत असले तरी.

मग मला दारातूनच माझी बाजू सांग. चांगली नाही जमली तरी चालेल.

भिंगरी